यूव्ही लाइन घ्यावी का? आधी तो निघालेला पापुद्रा नीट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुपवाड एमआयडीसीत फर्निचरचं वर्कशॉप, ९ कामगार. वॉर्डरोबची दारं, किचनची शटर्स, शाळेची बाकं आणि सागवान व्हिनियरच्या (वर सागाचा पातळ थर चिकटवलेल्या) फळ्या असं काम. पॉलिश स्प्रेने, पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन, दोन्ही थिनरची. पावसाळ्यात पॉलिश पांढरट पडतं आणि ओला माल सुकत ठेवायला जागा पुरत नाही. मशिनवाल्याने यूव्ही लाइन (रोलरने लावलेलं कोटिंग बेल्टवरच अतिनील प्रकाशाने पक्कं करणारं मशिन) सुचवली आहे, 'तीन सेकंदांत सुकतं' म्हणतो. पण त्याने नमुना म्हणून करून दिलेल्या सागवान फळीवर चिकटपट्टी लावून ओढली, तर कोटिंगचा पापुद्राच हातात आला. लाइन घ्यावी की नको?

मी २२ वर्षं लाकडाच्या कोटिंगमध्ये आहे, त्यातली १४ यूव्ही लाइनवर गेली. उत्तर देण्याआधी एक विनंती करतो. तो निघालेला पापुद्रा टाकून दिला नसेल तर जपून ठेवा. मशिनवाल्याच्या माहितीपत्रकापेक्षा त्यात जास्त माहिती आहे.

चिकटपट्टी उलटी करून उजेडात धरा, भिंग असेल तर उत्तम. पापुद्र्याच्या मागच्या बाजूला तपकिरी भुगा किंवा लाकडाचे बारीक तंतू दिसत असतील, तर लाकूडच वर सुटून आलंय. म्हणजे पॉलिशपेपर मारल्यावर धूळ नीट काढली नव्हती, किंवा व्हिनियरचा वरचा थर कमजोर होता. मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल आणि फळीवर अजून एक चकचकीत थर शिल्लक असेल, तर खालच्या आणि वरच्या हातांमध्ये पकडच बसलेली नाही. आणि मागच्या बाजूला नख लावलं की ओल लागते, उग्र वास येतो, बोट चिकटतं, तर वरून पक्कं आणि खालून कच्चं राहिलंय. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. माझा अंदाज तुमचं तिसऱ्यात मोडत असेल असा आहे, कारण फळी सागवानाची आहे. त्यावर पुढे येतो.

'तीन सेकंदांत सुकतं' हे वाक्य खोटं नाही, पण त्यातला 'सुकतं' हा शब्द फसवतो. आपलं पीयू किंवा मेलामाइन सुकतं तेव्हा आधी थिनर उडून जातो. यूव्हीत उडून जाण्यासारखं जवळजवळ काही नसतंच. रोलरने लावतात ते मटेरियल बहुधा '१०० टक्के घन', म्हणजे लावलं तेवढं सगळं फळीवर राहणारं, म्हणूनच विकतात. त्यात ॲक्रिलेटची रसायनं असतात आणि दोन-चार टक्के फोटोइनिशिएटर. अतिनील प्रकाश पडला की हा इनिशिएटर फुटतो आणि साखळी सुरू करून देतो. द्रव होता तोच पदार्थ एकमेकांत गुंफून जागच्या जागी जमतो. दाताचे डॉक्टर दातात मऊ सिमेंट भरून निळी बत्ती लावतात आणि वीस-तीस सेकंदांत ते दगडासारखं होतं, तोच हा प्रकार. त्यांची बत्ती निळ्या उजेडाची, आपली त्याच्या पलीकडची, डोळ्यांना न दिसणारी.

प्रकाशाने जमतं म्हणजे जिथे प्रकाश पोचला नाही तिथे जमत नाही. पीयू आज कच्चं राहिलं तर आठवडाभरात आपोआप पक्कं होतं. यूव्हीचं तसं नाही. लॅम्पखालून बाहेर आलेली फळी जेवढी झाली तेवढीच झाली, उरलेलं कच्चं मटेरियल आतच राहतं. अढीत घाईने पिवळा केलेला आंबा बाहेरून छान दिसतो आणि कापल्यावर कोयीजवळ आंबट लागतो, तसं. वर हात फिरवून काही कळत नाही. म्हणून मी लाइनवर आलो की आधी अंगठा फळीवर दाबून जोरात पिळतो. वळी पडली किंवा अंगठ्याचा डाग राहिला, तर थर आतून झालेला नाही. मग नवं ब्लेड घेऊन एक-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या चिरा पाडायच्या आणि त्या जाळीवर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढायची. चौकोन निघून आले तर माल पुढे जात नाही. ही परीक्षा तासाला एकदा झाली पाहिजे, फक्त सकाळी मशिन चालू करताना नाही.

आता लॅम्प. जुन्या धर्तीच्या लाइनवर मध्यम दाबाचा मर्क्युरी लॅम्प असतो, साधारण ८० ते १२० वॅट प्रति सेंटिमीटर ताकदीचा. गणित तुम्हीच करून बघा. १३० सेंटिमीटर रुंदीच्या लाइनला १२० वॅटचा एक लॅम्प म्हणजे साडेपंधरा किलोवॅट. फिलर (छिद्रं भरणारा हात), सीलर (मधला हात), टॉप (शेवटचा हात) मिळून असे तीन-चार लॅम्प, वर पंखे, कन्व्हेयर, घासायचा सँडर. महावितरणकडे मंजूर भार वाढवायला लागेल. हा खर्च मशिनच्या किमतीत धरलेला नसतो, तो आधी विचारून घ्या.

पण वॅट म्हणजे फळीला मिळालेला डोस नव्हे. फळीला मिळते ती ऊर्जा मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि ती बेल्टच्या वेगावर अवलंबून असते. मिनिटाला ५ मीटर वेगाने ४०० मिलिज्यूल मिळत असतील तर १० मीटरला २०० मिळणार. ऑर्डरची घाई झाली की सुपरवायझर पहिल्यांदा बेल्टचं बटन फिरवतो, आणि तीन महिन्यांनी ग्राहकाकडून तक्रार येते. दुसरी गोष्ट रिफ्लेक्टर. लॅम्पच्या मागचा तो चकचकीत पत्रा धूळ आणि वाफेने धुरकट झाला की प्रकाश फळीवर कमी पडतो, पण डोळ्यांना लॅम्प तसाच झगझगीत दिसतो. लॅम्प जुना झाला की तेच होतं. साधारण १००० तासांनंतर तो जळत राहतो, पण कामाचा अतिनील भाग घटलेला असतो. म्हणून सांगतो, मशिन घ्याल तेव्हा बेल्टवरून फिरवायचं डोस मोजायचं मीटर त्याच ऑर्डरमध्ये घ्या. पैसे कमी पडले तर एखादा रोलर कमी घ्या, मीटर सोडू नका. मीटरशिवाय यूव्ही लाइन चालवणं म्हणजे तापमापकाशिवाय ताप बघणं.

एलईडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विक्रेता काढेलच. एलईडी ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटर अशा एकाच अरुंद पट्ट्यात प्रकाश देते. लगेच चालू, लगेच बंद, वीज कमी, फळी फारशी तापत नाही, आयुष्य हजारो तासांचं. लांब लहरीचा प्रकाश खोल जातो, त्यामुळे जाड फिलरला चांगली. उणीव वरच्या कातडीला. हवेतला ऑक्सिजन साखळी तोडतो, म्हणून सगळ्यात वरचा थर चिकट राहू पाहतो. मर्क्युरी लॅम्पमधली आखूड लहर तिथे कामी येते, ती एलईडीत नसते. त्यामुळे अनेक ठिकाणी आत एलईडी आणि शेवटी एक मर्क्युरी असं जोडून घेतात. मला ते पटतं. शिवाय मटेरियल त्या एलईडीसाठीच बनवलेलं हवं, मर्क्युरी लॅम्पसाठी बनवलेलं मटेरियल एलईडीखाली चालवून बघू नका. पांढऱ्या रंगाचं मात्र वेगळं आहे. टायटॅनियम डायऑक्साइड स्वतःच अतिनील प्रकाश गिळतो, म्हणून पांढऱ्याला ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणारा गॅलियमचा लॅम्प किंवा तशी एलईडी लागते आणि थर पातळ ठेवावे लागतात. किचनच्या पांढऱ्या शटर्सचा नमुना वेगळा मागा.

आता तुमच्या सागवानाकडे येतो, कारण खरी गोची तिथे आहे. साग टिकतो तो त्याच्यातल्या तेलामुळे आणि अर्कामुळे. वाळवी ज्याला कंटाळते तोच अर्क आपल्या साखळीच्याही आड येतो. शिसवीचंही तसंच. तेलकट पृष्ठभागावर मटेरियल नीट पकडत नाही आणि लाकडाला टेकलेला अगदी तळाचा थर अर्धवट राहतो. त्यात सागाचा रंग गडद, वर अक्रोड शेडचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारला असेल तर तो आणखी प्रकाश गिळतो. सगळं मिळून वरून काच आणि खालून ओल.

मी सागावर असं करतो. पॉलिशपेपर मारल्यापासून त्याच पाळीत पहिला हात लागला पाहिजे. रात्रभर घासून ठेवलेल्या फळीवर तेल पुन्हा वर येतं. घासल्यावर ब्रश आणि व्हॅक्यूमने धूळ काढायची. पहिला हात सागासाठी बनवलेल्या यूव्ही प्रायमरचा, मऊ रबराच्या रोलरने दाबून आणि फक्त ८ ते १० ग्रॅम प्रति चौरस मीटर. जाड लावायचा मोह आवरा. त्याला लांब लहरीच्या लॅम्पखाली पूर्ण घ्यायचं, त्यात कसर करायची नाही. लाकूड फारच तेलकट असेल तर सरळ दोन घटकांच्या पीयू सीलरचा एक हात मारून तो नीट सुकवून मग वर यूव्ही चढवायचं. वेळ जातो, पण पापुद्रा निघत नाही. एवढं करूनही प्रत्येक नव्या लॉटचा तुकडा आधी करून बघावा लागतो. एकाच जातीच्या सागाच्या दोन गाड्या सारख्या वागत नाहीत.

मधल्या थरांचं मात्र उलटं आहे. सीलर पूर्ण पक्का करून टाकला तर पुढच्या हाताला धरायला काही उरत नाही. म्हणून मधले हात लॅम्पची ताकद कमी करून नुसते गोठवायचे, जेलीसारखे, आणि लगेच पुढचा हात द्यायचा. जिथे मध्ये घासायचं आहे तिथे पूर्ण पक्कं करून ३२० नंबरच्या पेपरने एकसारखं मॅट होईपर्यंत घासायचं. घासलेल्या फळीवर कुठे चकाकी राहिली असेल, तर पापुद्रा बरोबर तिथून सुटतो. हा अनुभव प्रत्येक लाइनवाल्याला एकदा तरी येतो.

लाकडाची ओल मोजायचं यंत्र तुमच्याकडे असेलच. ओल ८ ते १२ टक्के हवी, त्यापुढची फळी लाइनवर चढवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या शेडखाली उघडी ठेवलेली फळी सहज १४-१५ च्या वर जाते. ती कोटिंगखाली बंद झाली आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसली की यूव्हीचा कडक थर तिच्याबरोबर आकसत नाही, तडकतो.

यावरूनच पावसाळ्याचा मुद्दा. पॉलिश पांढरट पडतं म्हणून यूव्ही लाइन घेत असाल तर थांबा. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, म्हणून ते दुधाळ दिसतं. यावर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर, पातळ हात आणि कॉम्प्रेसरच्या लाइनवर चांगला पाणी काढणारा फिल्टर, एवढ्याने बहुतेक काम भागतं. आणि कोणी तुम्हाला पाण्याचं यूव्ही, म्हणजे वॉटर-बेस्ड, देत असेल तर पावसाळ्यातच त्याची परीक्षा घ्या. त्यातलं सगळं पाणी लॅम्पखाली जाण्याआधी उडालं पाहिजे, नाहीतर धुरकटपणा कायमचा आत कोंडला जातो. जागेचा प्रश्न मात्र यूव्ही खरंच सोडवतं. बेल्टच्या शेवटी उतरलेली फळी हातात घेऊन एकावर एक रचता येते, रॅक लागत नाहीत, उडती धूळ बसत नाही. मटेरियलही वाया जात नाही. १० ग्रॅमच्या हिशेबाने एक किलोत १०० चौरस मीटरला एक हात होतो, रोलरवर उरलेलं डब्यात परत जातं. पीयूसारखं चार तासांत घट्ट होऊन फेकावं लागत नाही.

पण हे सगळं सपाट फळीसाठी. तुमच्या कामात सपाट किती हे मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नका. गेल्या तीन महिन्यांची चलनं काढा आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहा: पूर्ण सपाट, खाचा असलेली, गोलाई असलेली, जुळवून झाल्यावर पॉलिश होणारी. रोलर खाचेत उतरत नाही. खुर्चीचा पाय, कोरीव चौकट, देव्हारा यांना स्प्रे यूव्ही असतं, पण तिथे लॅम्प सगळ्या बाजूंनी लागतात आणि ज्या कोपऱ्यात सावली पडते तिथे कच्चं राहतं. मिरजेतल्या एका सतारीच्या कारागिराने मला विचारलं होतं, भोपळ्याला हे चालेल का? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पोरांमध्ये नवं काही करायचा उत्साह आहे, त्याचं मला कौतुक वाटतं. मी त्या कारागिराला नको म्हणालो. मंगळवेढ्याकडच्या त्या भोपळ्याला सपाट अशी जागाच नाही, आणि चपड्याचं (लाखेचं) स्पिरिट पॉलिश ओरखडा पडला तर त्याच जागी पुन्हा विरघळवून जोडता येतं. यूव्हीचा थर थिनरने विरघळत नाही. ओरखडा पडला की आजूबाजूचं घासून नव्याने करावं लागतं. ग्राहकाच्या घरी जाऊन टचअप करायची सवय असेल तर हे आधी लक्षात घ्या. आणि ग्राहकाला हेही सांगा की यूव्हीने जमलेलं कोटिंग म्हणजे उन्हापासून वाचवणारं कोटिंग नव्हे. बाहेरच्या दाराला त्याचं वेगळं मटेरियल लागतं.

फळीच्या कडा या लाइनवर होत नाहीत, हे लोक विसरतात. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत मी काही घरांतली वॉर्डरोब बघायला गेलो होतो. दाराचा दर्शनी भाग चिखल पुसल्यावर नव्यासारखा चमकत होता आणि खालची कड फुगून पुस्तकाच्या पानांसारखी सुटलेली. समोरून पाणी शिरलंच नव्हतं, ते खालच्या उघड्या कडेतून एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डात) चढलं. पुराचं सोडा, रोज ओल्या फडक्याने लादी पुसतात तेवढंही पुरतं. कडांसाठी एज बँडिंग (कडेवर चिकटवायची पट्टी) किंवा वेगळा हात हवाच, त्याचा माणूस आणि वेळ हिशेबात धरा.

विजेचं आणखी एक. मर्क्युरी लॅम्प गरम असताना वीज गेली तर तो लगेच पेटत नाही, गार होईपर्यंत थांबावं लागतं आणि मग तापायला पुन्हा तीन-चार मिनिटं. मी ज्या लाइनवर सुरुवात केली तिथे एकदा भर दुपारी वीज गेली. कन्व्हेयर थांबला, लॅम्पची झडप बंद झाली नाही आणि विझलेल्या पण धगधगत्या लॅम्पखाली व्हिनियरची फळी अडकून राहिली. आम्ही दार उघडलं तेव्हा फळीवर हातभर काळा पट्टा होता आणि धूर निघत होता. फळी ओढून पाणी मारलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं. झडप वीज गेल्यावर आपोआप पडते का, हे मशिन उतरवून घेताना मेन स्विच पाडून स्वतः बघा. पंखे आणि कन्व्हेयरपुरता तरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर ठेवा.

मटेरियल साठवायची खोली गार आणि अंधारी हवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० कडे जातो तेव्हा पत्र्याखाली ठेवलेला डबा आतल्या आत जमून जाऊ शकतो. डबा काठोकाठ भरून ठेवू नका, वर थोडी हवा राहू द्या. त्यातला ऑक्सिजनच त्याला जमण्यापासून वाचवतो. खिडकीतून येणारं ऊन रोलरवर पडता कामा नये. डिसेंबरच्या सकाळी हेच मटेरियल घट्ट होतं आणि रोलर जास्त उचलतो, दुपारी पातळ होऊन कमी उचलतो. म्हणून पाळीत दोनदा, भोक असलेल्या कपमधून मटेरियल गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि कोरडी फळी, ओली फळी वजन करून ग्रॅम तपासायचे.

आणि माणसं. वास कमी असतो म्हणून पोरं हातमोजे घालत नाहीत. कच्चं ॲक्रिलेट कातडीला लागत राहिलं तर काही महिन्यांनी ॲलर्जी उठते, आणि एकदा उठली की आयुष्यभर सोबत राहते. माझ्याबरोबरचा एक चांगला रोलर ऑपरेटर बोटांच्या बेचक्यात फोड येऊन कातडी सोलायला लागल्यामुळे हे काम कायमचं सोडून गेला. त्याचा हात फार सफाईचा होता. त्याला मोजे दिलेले होते, घालायला कोणी लावले नाहीत, आणि त्यात मीही होतो. नायट्राइलचे मोजे, मटेरियल लागलं की लगेच बदलायचे. हात थिनरने धुवायचे नाहीत, साबणाने धुवायचे, थिनर ते रसायन कातडीत आणखी आत नेतो. लॅम्पच्या फटीतून डोकावून बघायची सवय मोडा, वेल्डिंग बघून रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं तेच इथेही होतं. मर्क्युरी लॅम्पभोवती ओझोन तयार होतो, त्याचा धुराडा शेडच्या बाहेर काढा. आणि लॅम्प फुटला तर त्यात पारा असतो, झाडूने उडवायचा नाही.

तर निर्णय. चलनांच्या हिशेबात सपाट काम निम्म्याहून कमी निघालं तर मी तुमच्या जागी लाइन घेणार नाही. पीयूचा बूथ नीट करीन आणि मोठी सपाट ऑर्डर आली की ज्याच्याकडे लाइन आहे त्याच्याकडून मजुरीवर करून घेईन. शाळेच्या बाकांच्या फळ्या आणि शटर्स मिळून सपाट काम दोन-तृतीयांश असेल आणि वर्षभर चालत असेल, तर घ्या. पण आगाऊ रक्कम देण्याआधी तुमच्याच गोदामातल्या सहा फळ्या मशिनवाल्याकडे न्या, त्याच्या नव्हेत. सागवान व्हिनियरच्या दोन कोऱ्या, दोन अक्रोड स्टेनच्या, आणि पांढऱ्या रंगासाठी शटरच्या दोन. लाइनजवळ स्वतः उभे राहा, बेल्टचा वेग आणि मीटरवरचा डोस वहीत लिहून घ्या. फळ्या घरी आणून आठ दिवस ठेवा आणि नवव्या दिवशी जाळी कापून चिकटपट्टी ओढा. पापुद्रा निघाला तर पट्टीसकट तो मला मिरजेला आणून दाखवा, भिंग माझ्याकडे आहे.